‘दुसरा जॉर्डन’ : एका उपमेचा निषेध

बास्केटबॉलच्या खेळाविषयीं मराठी मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन सहसा पडत नाहीं. आणि अमेरिकेंतील धंदेवाईक संघ दरसाल कोणते तरुण निवडतात याची चिकित्सा करण्याचें तर मुळींच नाहीं. परंतु त्या निवडीच्या भोंवतीं जें लेखन आणि भाषण होतें, त्यांत एका अलंकाराची जी विटंबना चाललेली आहे ती पाहून वाङ्मयाच्या अभ्यासकानें गप्प बसावें हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. हा अलंकार म्हणजे उपमा. अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा मैदानावर चार उड्या मारतो न मारतो तोंच त्यास ‘दुसरा जॉर्डन’, ‘दुसरा बर्ड’, ‘दुसरा नोविट्स्की’ म्हणून घोषित करण्यांत येतें. त्या घोषणेच्या भरंवशावर संघांचे मालक कोट्यवधि डॉलर लावतात. आणि चार वर्षांनीं तो मुलगा स्वतःच्याच नांवानिशीं उभा आहे असें दिसलें म्हणजे त्याच्यावर ‘फुकट गेला’ असा शिक्का मारून सर्वजण मोकळे होतात. चुकते ती उपमा. शिक्षा होते ती मुलास. हा अन्याय भाषेच्या द्वारें होत असल्यामुळें त्याचा जाब भाषेच्या जाणकारांनीं विचारला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें.

ज्यांस ही निवडीची पद्धति ठाऊक नसेल त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द. एन. बी. ए. या धंदेवाईक संघटनेंत आज तीस संघ आहेत. दरवर्षीं, बहुधा जून महिन्यांत, हे संघ क्रमाक्रमानें नव्या खेळाडूंपैकीं एकेकाचें नांव पुकारतात. यास ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मागील हंगामांत जे संघ दुबळे ठरले त्यांस आधीं निवडण्याची संधि मिळावी असा हेतु असून, अगदीं वरचे क्रमांक कोणाकडे जावेत हें १९८५ सालापासून सोडतीनें ठरतें. ज्या संघानें नांव पुकारलें त्यास त्या तरुणाशीं करार करण्याचा हक्क मिळतो. तरुणास संघ निवडण्याची मुभा नसते. १९८९ पासून निवडीच्या फेऱ्या दोनच असतात. म्हणजे साठाच्या आसपास तरुणांचें दैव एक-दोन संध्याकाळींच ठरून जातें. संघांच्या पारख्यांनीं या मुलांस विद्यापीठांच्या किंवा परदेशांतील संघांतून खेळतांना पाहिलेलें असतें. त्यांच्यापुढें प्रश्न एकच असतो : आज असा खेळणारा हा मुलगा पांच वर्षांनीं, भरलेल्या अंगाच्या आणि मुरलेल्या पुरुषांशीं गांठ पडल्यावर, कसा खेळेल? या प्रश्नाचें खरें उत्तर ‘सांगतां येत नाहीं’ असें आहे. परंतु असें उत्तर देणाऱ्यास पगार कोण देणार? म्हणून तें अज्ञान झांकण्याकरितां एका प्रसिद्ध नांवाची शाल त्याच्यावर पांघरण्यांत येते. वृत्तपत्रांत काय किंवा प्रक्षेपणांत काय, प्रत्येक नवख्याच्या नांवासमोर एका नामवंताचें नांव लिहिलें कीं पारख पुरी झाली!

१९८४ सालच्या ड्राफ्टची कथा या बाबतींत वारंवार सांगण्यांत येते. आम्हीहि तीच सांगतों, परंतु तिचें तात्पर्य आम्हांस निराळें दिसतें. त्या वर्षीं ह्यूस्टनच्या संघानें पहिल्या क्रमांकानें हकीम ओलाजुवॉन याची निवड केली. १९९४ आणि १९९५ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें त्या संघास अजिंक्यपद मिळवून दिल्यामुळें या निवडीस कोणी नांव ठेवीत नाहीं. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा. त्या संघानें सात फुटांहून उंच अशा सॅम बोवी यास पसंत केलें. या बोवीचे केंटकी विद्यापीठांतील दोन संपूर्ण हंगाम पायाच्या हाडाच्या दुखण्यांत वायां गेले होते. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वांट्यास मायकेल जॉर्डन आला, आणि १९९१ पासून १९९८ पर्यंत त्या संघानें सहा वेळां अजिंक्यपद पटकाविलें. पोर्टलंडची थट्टा आज चाळीस वर्षें चालूं आहे. परंतु त्या संघाच्या चालकांचें गणित काय होतें? आदल्याच वर्षीं त्यांनीं क्लाइड ड्रेक्सलर हा खेळाडू घेतला होता. तो जॉर्डनच्याच जागेवर खेळे, तसाच उंच उडे, तसाच वेगानें बास्केटकडे झेंपावे. असा एक आपल्यापाशीं आहेच, आतां उणीव आहे ती उंच सेंटरची, हा त्यांचा हिशेब. म्हणजे जॉर्डन हातचा गेला तो कोणासारखा तरी दिसला म्हणून! सादृश्य दिसतांच पाहणें थांबलें. याहूनहि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ज्या मापानें पुढें प्रत्येक मुलास मोजण्यांत आलें, तें माप त्या जून महिन्यांत जगांत अस्तित्वांतच नव्हतें. जॉर्डनला शिकागोनें घेतलें तें कोणाचा ‘दुसरा’ म्हणून नव्हे.

पुढें माप तयार झालें आणि त्याचा सुळसुळाट सुरू झाला. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाकडून खेळणाऱ्या हॅरॉल्ड मायनर या तरुणास ‘बाळ जॉर्डन’ हें टोपणनांव तो धंदेवाईक होण्यापूर्वींच चिकटलें होतें. १९९२ सालीं मायामीच्या संघानें त्यास बाराव्या क्रमांकानें घेतलें. उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्यें कोंबण्याची जी खास स्पर्धा भरते, ती त्यानें १९९३ आणि १९९५ अशी दोनदां जिंकली. परंतु आतषबाजी म्हणजे लढाई नव्हे. गुडघ्याच्या दुखण्यानें तो जेरीस आला, आणि चार हंगाम होतांच, वयाची पंचविशी उलटते न उलटते तोंच, त्याचा खेळ संपला. मायनर हा जॉर्डन झाला नाहीं याची नोंद सर्वांनीं केली. मायनरला मायनर होण्यास काय लागलें असतें, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. १९९४ सालीं आलेल्या ग्रँट हिलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तो खरोखरीचा गुणी. पहिल्याच वर्षीं तारांकित सामन्याच्या मतदानांत प्रेक्षकांनीं त्यास सर्वांहून अधिक मतें दिलीं. पुढें घोट्याच्या दुखापतीनें त्याचीं उमेदीचीं वर्षें खाल्लीं. तरीहि तो २०१३ पर्यंत खेळला, आणि २०१८ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. इतक्या मोठ्या माणसाची कथा सांगतांनाहि ‘जॉर्डन होतां होतां राहिला’ असा सूर अनेकांस आवरत नाहीं! ज्या तराजूंत सोनेंहि हलकें भरतें, त्या तराजूच्या दांडीकडे एकदां पाहिलें पाहिजे.

आतां या उपमेच्या दोषाची शास्त्रीय फोड करूं. आपल्या अलंकारशास्त्रानें उपमेचीं चार अंगें सांगितलीं आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि ‘सारखा’, ‘जैसा’ यांसारखा वाचक शब्द. मुख चंद्रासारखें आल्हाददायक आहे असें म्हटलें म्हणजे आल्हादकत्व हा साधारण धर्म होय. मुखास पंधरवड्यानें क्षय लागेल किंवा त्यावर डाग असेल, असें त्यावरून कोणी समजत नाहीं. साधारण धर्म हें उपमेचें कुंपण आहे. त्याच्या पलीकडे उपमेनें पाऊल टाकूं नये. ड्राफ्टच्या तुलनाकारांची उपमा पहा. आरंभीं एखादा पारखी सावधपणें म्हणतो, ‘याची पहिली झेंप जॉर्डनच्या झेंपेसारखी चपळ आहे.’ हें वाक्य निर्दोष आहे. तें वृत्तपत्रांत येतें तेव्हां ‘हा जॉर्डनसारखा आहे’ असें होतें. साधारण धर्म गळाला, कुंपण मोडलें. दुसऱ्या दिवशीं ‘सारखा’ हा शब्दहि गळतो आणि उपमेचें रूपक होतें : ‘हा दुसरा जॉर्डन!’ येथवरहि फारसें बिघडलें नसतें. कवि याहून मोठे अपराध करतात आणि आपण त्यांस क्षमा करतों. परंतु यानंतर त्या रूपकाचेंच अनुमान करण्यांत येतें : हा जॉर्डन आहे, जॉर्डननें सहा अजिंक्यपदें मिळविलीं, म्हणून यास इतकी किंमत द्यावी. अलंकाराच्या गळ्यांत असें प्रमाणाचें लोढणें बांधल्यावर काव्यहि बुडतें आणि तर्कहि बुडतो.

यावर कोणी विद्वान् म्हणेल कीं, नैयायिकांनीं उपमान हें प्रमाण मानलेंच आहे. होय; पण त्यांचें उदाहरण काय तें पहावें. नगरांतल्या माणसास वनांतला माणूस सांगतो कीं, गवय हा प्राणी गाईसारखा असतो. तो नागरिक पुढें अरण्यांत जातो, गाईसारखा प्राणी पाहतो, आणि ‘गवय म्हणतात तो हाच’ असें त्यास ज्ञान होतें. उपमानाचें काम येथें संपलें. नांव आणि वस्तु यांची गांठ पडली. तो गवय किती शेर दूध देईल हें त्या सादृश्यावरून सांगावें, असें कोणाहि नैयायिकानें म्हटलेलें नाहीं. आमचे तुलनाकार मात्र गवयाच्या शिंगांकडे पाहून दुधाचा वायदेबाजार भरवितात!

बरें, हें सादृश्य तरी कशांत पाहतात? बहुधा जें डोळ्यांस प्रथम दिसतें त्यांत. म्हणजे कातडीच्या रंगांत, उंचींत, जन्मभूमींत. २००६ सालीं शार्लटच्या संघानें तिसऱ्या क्रमांकानें घेतलेल्या ॲडम मॉरिसनची तुलना सर्रास लॅरी बर्डशीं होत असे. मॉरिसन गोरा, उंच, लांब केसांचा, मिशी राखलेला. विद्यापीठांच्या खेळांत त्या वर्षीं सरासरीनें सर्वांत अधिक गुण त्यानें मिळविले होते. बर्डहि गोरा, उंच आणि मोठा नेमबाज. झालें! परंतु बर्डचें मोठेपण एकट्या नेमबाजींत कधींच नव्हतें. सोबत्यास चेंडू केव्हां आणि कोठें द्यावा याची त्याची जाण, हुकलेला चेंडू कोठें पडेल याचा त्याचा अंदाज, यांवर बोस्टनचीं १९८१, १९८४ आणि १९८६ चीं अजिंक्यपदें उभीं होतीं. हे गुण मॉरिसनपाशीं त्या प्रमाणांत आहेत कीं नाहींत हें पाहण्याऐवजीं लोकांनीं मिशी पाहिली. दुसऱ्याच वर्षीं त्याचा गुडघा दुखावला. पुढें लॉस एंजेलिसच्या विजयी संघांत राखीव खेळाडू म्हणून बसून त्याचा काळ गेला. दुखापत हें दुर्दैव खरें. परंतु ‘बर्ड’ होण्याचें ओझें दुखापतीच्या आधींच त्याच्या पाठीवर होतें.

युरोपांतील खेळाडूंची कथा अशीच आहे. जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथील डर्क नोविट्स्की १९९८ सालीं नवव्या क्रमांकानें निवडला जाऊन डॅलसच्या संघाकडे आला. पहिला हंगाम त्यास जड गेला. तथापि पुढें तो एकवीस हंगाम त्याच संघाकडे खेळला आणि २०११ सालीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें. त्याचा उदय झाला मात्र, सात फूट उंचीचा आणि दुरून नेम धरणारा प्रत्येक युरोपीय मुलगा पारख्यांच्या डोळ्यांत भरूं लागला. २००२ सालीं डेन्व्हरनें पांचव्या क्रमांकानें जॉर्जियाचा निकोलोझ त्स्कितिश्विली घेतला. त्याचा कांहींहि जम बसला नाहीं. २००३ सालीं डेट्रॉइटनें दुसऱ्या क्रमांकानें सर्बियाच्या डार्को मिलिचिचला घेतलें, आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश व ड्वेन वेड हे तिघे त्याच्या पाठोपाठच्या तीन क्रमांकांनीं इतर संघांकडे गेले. मिलिचिचचें वय तेव्हां अठरा वर्षें आणि कांहीं दिवस! २००६ सालीं टोरोंटोनें इटलीच्या आंद्रेआ बार्ग्नानीस अगदीं पहिल्या क्रमांकाचा मान दिला. तोहि नोविट्स्की झाला नाहीं. नोविट्स्की ज्यानें घडला तें काय होतें? होल्गर गेश्विंडनर या शिक्षकाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें केलेली एकाकी मेहनत, अपयशी पहिल्या हंगामानंतरहि धीर न सोडणारा संघ, आणि त्याचा स्वतःचा स्वभाव. यांपैकीं एकहि गोष्ट उंचीच्या पट्टीवर मोजतां येत नाहीं, आणि पारपत्रावर तर लिहिलेली नसतेच. तुलनाकार फळ पाहतो आणि तसेंच बीं शोधीत सुटतो. माती, पाणी आणि माळी यांचें त्यास स्मरण राहत नाहीं.

हा केवळ आमचा तर्क आहे असें कोणी समजूं नये. डॅनिएल कानेमान आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनीं १९७४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें कीं, एखादी वस्तु मनांतील ठराविक नमुन्यासारखी दिसली म्हणजे माणूस संभवाचा हिशेब सोडून देतो आणि सादृश्यावरच निकाल देतो. या दोघांच्या मैत्रीवर मायकेल लुईस यानें २०१६ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्याचा आरंभच बास्केटबॉलच्या पारखीनें होतो. ह्यूस्टन संघाचा तत्कालीन व्यवस्थापक डॅरिल मोरी यास असें आढळून आलें कीं, आपले पारखी काळ्या मुलाची तुलना काळ्या खेळाडूशीं आणि गोऱ्याची गोऱ्याशीं करतात. तेव्हां त्यानें नियम घातला कीं, तुलना करावयाचीच असेल तर ती निराळ्या वंशाच्या खेळाडूशीं करावी. आणि गंमत अशी कीं, हा नियम होतांच पुष्कळशा तुलना सुचेनाशा झाल्या! वरचा रंग पुसतांच आंतलें सादृश्यहि पुसलें गेलें. म्हणजे तें आंत नव्हतेंच. त्याच ग्रंथांत मार्क गासोलची हकीकत आहे. २००७ सालीं या स्पॅनिश तरुणाचें एक उघड्या अंगाचें छायाचित्र पारख्यांच्या हातीं आलें. त्यांतील थुलथुलीत देह पाहून त्यांनीं त्यास एक हिणकस टोपणनांव दिलें, आणि ह्यूस्टननें त्यास सोडून दिलें. तो अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर गेला. २०१३ सालीं तोच सर्वोत्तम बचावपटु ठरला. नामवंताचें नांव देणें आणि टोपणनांव देणें या दोन क्रिया वरवर उलट दिसतात. वस्तुतः दोन्हींत माणसाकडे न पाहण्याची एकच सोय केलेली असते.

ज्यांस उपमान मिळतें त्यांचे हाल हे असे; ज्यांस मिळत नाहीं त्यांस दारच बंद होतें. स्टीफन करी हा डेव्हिडसनसारख्या लहानशा महाविद्यालयाचा, अंगानें किरकोळ. दुरून नेम मारून संबंध सामना फिरविणारा असा पुढारी खेळाडू पूर्वीं कोणी पाहिलाच नव्हता. २००९ सालीं तो सातव्या क्रमांकापर्यंत खालीं आला. त्याच्या आधीं मिनेसोटाच्या संघानें लागोपाठ दोन क्रमांकांनीं त्याच्याच जागेवरचे दोन दुसरे खेळाडू घेतले. २०१५ आणि २०१६ अशीं दोन वर्षें करी सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, आणि दुसऱ्या वेळीं तर एकमतानें. सर्बियाचा निकोला योकिच हा मंद चालीचा, जाड बांध्याचा सेंटर. त्यास २०१४ सालीं डेन्व्हरनें एकेचाळिसाव्या क्रमांकानें निवडलें, तेव्हां प्रक्षेपणावर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालूं होती! तो २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षीं सर्वश्रेष्ठ ठरला आणि २०२३ सालीं त्यानें आपल्या संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. यावरून तुलनाकारांनीं कोणता बोध घेतला? इतकाच कीं, आतां ‘दुसरा करी’ आणि ‘दुसरा योकिच’ शोधले पाहिजेत. २०१८ सालीं आलेल्या ट्रे यंगच्या माथीं करीचें नांव मारण्यांत आलें, आणि २०२१ सालीं तुर्कस्तानांतून आलेल्या अल्पेरेन शेंगूनला ‘बाळ योकिच’ म्हणण्यांत आलें. ज्यांनीं साचा मोडून दाखविला त्यांचाच साचा करण्याची ही करामत पाहून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

या प्रकाराची झळ आपल्या देशासहि लागली आहे. पंजाबांतील बल्लो के या खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरचा सतनाम सिंग हा सात फूट दोन इंच उंचीचा तरुण २०१५ सालीं डॅलसच्या संघानें बावन्नाव्या क्रमांकानें निवडला; ड्राफ्टमध्यें निवड झालेला भारतांत जन्मलेला तो पहिला खेळाडू. तत्काळ ‘भारताचा याओ मिंग’ ही उपमा तयार झाली. याओ मिंग २००२ सालीं पहिल्या क्रमांकानें ह्यूस्टनकडे गेला होता आणि त्याच्यामागोमाग चीनची अफाट बाजारपेठ त्या खेळाकडे वळली होती. तेव्हां या उपमेंत मुलाकडे कमी आणि गिऱ्हाइकांकडे अधिक लक्ष होतें हें उघड आहे. साधारण धर्म कोणता? उंची आणि देशाची लोकसंख्या! याओचे आईबाप दोघेहि बास्केटबॉलपटु; त्याचें शिक्षण शासनाच्या क्रीडाशाळांत झालेलें; अमेरिकेस जाण्यापूर्वीं शांघायच्या संघाकडून तो कित्येक हंगाम धंदेवाईक सामने खेळलेला. सतनामच्या मागें यांपैकीं काय होतें? लुधियानाच्या शिक्षणकेंद्रांतून तो कोंवळ्या वयांतच फ्लॉरिडाच्या शाळेंत गेला, आणि स्वदेशीं त्याचा कस लागेल अशी एकहि स्थिर धंदेवाईक स्पर्धा नव्हती. एन. बी. ए. च्या नियमित हंगामांत त्यास एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. दुय्यम स्पर्धेंत दोन हंगाम काढून तो परतला आणि पुढें कुस्तीच्या करमणुकीच्या धंद्यांत गेला. एका खेड्यांतून निघून या पायरीपर्यंत चढणें हा केवढा पराक्रम! परंतु याओच्या सांवलींत उभें केल्यामुळें तो पराक्रम अपयशासारखा दिसूं लागला. २०१९ च्या ऑक्टोबरांत मुंबईस वरळी येथें सॅक्रामेंटो आणि इंडियाना या संघांचे दोन सामने झाले. तशा प्रसंगीं ‘आमचा याओ मिंग केव्हां?’ असें विचारण्यापेक्षां ‘आमच्या मुलांस खेळण्यास पक्कीं मैदानें आणि शिकविण्यास शिक्षक किती?’ असें आपण विचारलें तर तें अधिक शहाणपणाचें होईल.

आतां पूर्वपक्षाचें म्हणणें ऐकून घेऊं, कारण तें अगदींच टाकाऊ नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, तुलनेवांचून वर्णन शक्यच नाहीं. अपरिचित गोष्ट परिचिताच्या साह्यानेंच सांगावी लागते. हें आम्हांस मान्य आहे. आमचें भांडण धर्मलुप्त उपमेशीं आहे, उपमेशीं नाहीं. ‘याचें चेंडू देणें अमक्यासारखें, बचाव तमक्याहून कच्चा, आणि हुकलेला चेंडू मिळविण्यांत हा कोणासारखाच नाहीं’ असें सांगणाऱ्याचे आम्ही ऋणी राहूं. दुसरा आक्षेप असा कीं, कधीं कधीं उपमा खरी ठरते. कोबी ब्रायंट हा जॉर्डनसारखा निघाला नाहीं काय? निघाला. परंतु त्यानें जॉर्डनची चाल, उडी आणि जिभेचा चाळाहि बुद्धिपुरस्सर गिरविला होता. तें सादृश्य त्यानें स्वतः मेहनतीनें कमाविलेलें होतें. आणि पारख्यांची दृष्टि पहावी, तर १९९६ सालीं तो तेराव्या क्रमांकानें गेला. बारा नांवें त्याच्या आधीं पुकारलीं गेलीं. खुद्द जॉर्डन जेव्हां वॉशिंग्टन संघाचा कारभारी होता, तेव्हां २००१ सालीं त्याच्या संघानें पहिल्या क्रमांकानें क्वामे ब्राऊन यास घेतलें, आणि ती निवड फसली. प्रत्यक्ष जॉर्डनलाहि भावी थोरवी नुसत्या डोळ्यांनीं दिसली नाहीं. मग इतरांची कथा काय?

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आंकडेशास्त्रज्ञ म्हणतात कीं, आम्हीहि तुलनाच करतों आणि तिचा उपयोग होतो. २०१५ सालीं फाइव्हथर्टीएट या संस्थेनें खेळाडूंचें भवितव्य अजमावण्याकरितां जी पद्धति काढली, ती पूर्वींच्या सदृश खेळाडूंवरच आधारलेली होती. परंतु या दोन तुलनांतील फरक हाच आमच्या म्हणण्याचा प्राण आहे. आंकडेशास्त्रज्ञ एका मुलाजवळ एकच नांव ठेवीत नाहीं. त्याच वयांत तसाच खेळ केलेले पुष्कळ जुने खेळाडू तो गोळा करतो आणि त्यांचें सर्वांचें पुढें काय झालें तें पाहतो. त्या यादींत कीर्तिमंदिरांत गेलेला एखादा असतो, दोन वर्षांत नाहींसे झालेलेहि असतात. वृत्तपत्री उपमेच्या यादींत हे दुसरे कधींच येत नाहींत. ड्राफ्टच्या रात्रीं ‘हा दुसरा हॅरॉल्ड मायनर’ असें म्हणून कोणाचें स्वागत झाल्याचें कोणास स्मरतें काय? उडी आणि चपळाई यांत जॉर्डनसारखे असलेले तरुण थोडे नव्हते. त्यांतला जॉर्डन एकच. तेव्हां खरी उपमा द्यावयाची तर ती त्या संबंध घोळक्याची दिली पाहिजे. जी तुलना अपयशाला आपल्या पंगतींत बसूं देत नाहीं, ती तुलना नव्हे. ती जाहिरात होय.

चौथा आक्षेप भाबडा आहे : स्तुतीच केली, त्यांत मुलाचें काय बिघडलें? बिघडतें तें असें कीं, या स्तुतीची किंमत स्तुति करणारा देत नाहीं. उपमा खोटी ठरली म्हणजे तुलनाकार पुढच्या जून महिन्यांत नवें नांव घेऊन हजर असतो. त्याच्या मागील भविष्यांचा हिशेब कोणी मागत नाहीं. हिशेब मागितला जातो तो विशीच्या आंतबाहेरच्या मुलाकडे. मेहनतीनें तो स्वतःच्या मर्यादेपर्यंत पोंचेल. दुसऱ्याच्या शिखरावर त्यानें चढावें असा करार त्यानें कोणाशींहि केलेला नसतो.

मग करावें काय? आमची सूचना साधी आहे. उपमा देणाऱ्यानें साधारण धर्म बोलून दाखवावा. एका नामवंताबरोबर त्याच जातीचे दोन अपयशी खेळाडूहि सांगावे. रंग, देश आणि उंची वगळून सादृश्य उरतें कीं नाहीं हें मोरीच्या नियमानें तपासावें. आणि पांच वर्षांनीं आपली उपमा पुन्हां छापून तिच्याखालीं आपली सही करावी. यास जे तयार नसतील त्यांनीं नुसतें वर्णन करावें. वर्णन करतां येत नसेल तर मौन आहेच. २०२३ सालीं फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा आला तेव्हां या मंडळींस त्याच्या जोडीला नांवच मिळेना. निरुपायानें त्यांनीं त्यास परग्रहावरचा म्हटलें, आणि मग एवढ्या उंचीचा माणूस चेंडू कसा खेळवितो, किती दुरून नेम मारतो, किती लांबून हात घालतो हें एकेक सांगण्यास लागले. उपमा सुचली नाहीं त्या वेळीं त्यांनीं प्रथमच नीट पाहिलें!

हें सर्व लिहीत असतां आमच्या मनांत एक शंका सारखी टोंचत होती. ती लपविणें बरें नाहीं. हरिभाऊंस मराठीचे स्कॉट आणि गडकऱ्यांस महाराष्ट्राचे शेक्सपिअर कोणीं म्हटलें? आम्हीच, म्हणजे आमच्या टीकाकारांच्या पूर्वजांनीं. त्या उपमेनें गडकऱ्यांचें एकहि वाक्य अधिक समजलें नाहीं. उलट शेक्सपिअरचें नांव घेऊन झाल्यावर गडकऱ्यांचीं नाटकें वाचण्याचें काम पुष्कळांनीं संपलेलें मानलें. आजहि एखाद्या तरुणाचा पहिला कवितासंग्रह आमच्या मेजावर आला कीं ‘हा दुसरा कोण?’ हाच प्रश्न आमच्या लेखणीच्या टोंकाशीं येतो. अमेरिकेंतील पारख्यांस दोष देऊन झाला. आतां तो संग्रह उघडून, दुसऱ्या कोणाचेंहि नांव मनांत न आणतां, पहिल्या पानापासून वाचावयाचा आहे.